वस्तीतलं मेट्रो सबस्टेशन: आधी ट्रान्सफॉर्मरची वाट, मग दर्शनी भिंत

प्रश्न एका तरुण वास्तुविशारदाचा आहे. मेट्रोच्या एका मार्गासाठी दाट वस्तीतल्या अरुंद प्लॉटवर ट्रॅक्शन सबस्टेशन (गाड्यांना वीज पुरवणारं उपकेंद्र) बांधायचं काम त्यांच्या कचेरीकडे आलं आहे. तिन्ही बाजूंना रहिवासी इमारती, समोर वर्दळीचा रस्ता. विद्युत सल्लागाराने उपकरणांची यादी हातात ठेवली आणि ‘बाहेरून शोभेल असं काहीतरी करा’ एवढंच सांगितलं. सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

दर्शनी भिंत सध्या बाजूला ठेवा. पहिली रेघ ओढायची ती सर्वांत जड उपकरणाच्या वाटेची. ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवरून कुठून येणार, ट्रेलर कुठे वळणार, क्रेन कुठे पाय रोवणार आणि पंचवीस-तीस वर्षांनी तोच ट्रान्सफॉर्मर कुठून बाहेर निघणार, हे नकाशावर बसलं की निम्मी इमारत ठरते. विद्युत अभियंत्यांच्या जोडीने अशा इमारती काढण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि सबस्टेशन ही वास्तुविशारदाची इमारत आहे असं माझं ठाम मत आहे. उपकरणं सल्लागार निवडतो. पण वजन, वारा, पाणी, आग, आवाज आणि शेजार या सगळ्यांचा मेळ एकाच प्लॉटवर घालणं हे आपलं काम. ते आपण सोडून दिलं तर आपल्या वाट्याला फक्त जाळ्या आणि रंग उरतात.

आधी एक गोष्ट विचारून घ्या: मार्ग कुठल्या विजेवर चालणार आहे, एसी (उलटसुलट वाहणारी) की डीसी (एकाच दिशेने वाहणारी)? इमारतीचं कूळच त्यावर ठरतं. पुण्यात दोन्ही प्रकार आहेत. महामेट्रोचे पहिले दोन मार्ग २५ केव्ही (२५ हजार व्होल्ट) एसीच्या ओव्हरहेड तारेवर चालतात, तर हिंजवडी-शिवाजीनगर मार्ग ७५० व्होल्ट डीसीच्या तिसऱ्या रुळासाठी आखला आहे. गाडी वेग घेताना समजा ३ मेगावॉट ओढते. २५ केव्हीवर त्यासाठी १२० अँपिअर पुरतात, ७५० व्होल्टवर ४,००० अँपिअर लागतात. एवढा प्रवाह लांब नेला तर व्होल्टेज वाटेतच गळून जातं. म्हणून डीसी मार्गावर दर दोनेक किलोमीटरला एक सबस्टेशन लागतं, म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या स्थानकापाशी. एसी मार्गाला मोजकी सबस्टेशनं पुरतात, पण ती मोठी असतात. १३२ किंवा ११० केव्हीची केबल आत येते, तेलाचे मोठे ट्रान्सफॉर्मर बसतात, आणि स्थानकांच्या दिवे-पंख्या-जिन्यांसाठी ३३ केव्हीची वेगळी व्यवस्था लागते.

मुंबईच्या लोकलने हा फरक शहरभर अनुभवला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी गेली ती १,५०० व्होल्ट डीसीवर, आणि त्यामुळे रुळांलगत ठिकठिकाणी सबस्टेशनांच्या इमारती उभ्या राहिल्या. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ मध्ये आणि हार्बर मार्ग २०१६ मध्ये २५ केव्हीवर गेला, तेव्हा या इमारतींचं मूळ कामच संपलं. तुमच्या इमारतीच्या आयुष्यातही उपकरणं एकदा नव्हे, दोन-तीनदा बदलतील. कॉलमचं अंतर आणि मजल्याची उंची आजच्या पॅनेलच्या, म्हणजे विद्युत उपकरणांच्या कपाटांच्या, मापाला घट्ट बांधू नका, हा त्यातून घ्यायचा धडा.

आता वाट. तुमचं सबस्टेशन डीसीचं असेल तर रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणाऱ्या उपकरणाचा) ट्रान्सफॉर्मर बहुधा कोरड्या प्रकारचा, साधारण आठ-दहा टनांचा. एसीचं असेल तर ट्रॅक्शन ट्रान्सफॉर्मर तेलासकट पन्नास टनांच्या घरात जातो. दोन्ही वेळा विचाराची रीत एकच. प्लॉटपासून हमरस्त्यापर्यंत स्वतः चालत जा. झाडांच्या फांद्या, केबलवाल्यांच्या तारा, गटारावरच्या फरश्या, वळणाच्या कोपऱ्यावरची टपरी, सगळं टिपा. रस्त्याखालच्या जुन्या पर्जन्यवाहिनीवरून भरलेला ट्रेलर जाऊ शकतो का, हे स्ट्रक्चरवाल्याला विचारा. प्लॉटच्या आत क्रेनच्या पायांखालची जमीन तेवढा भार सोसेल अशी करा आणि ती जागा कायमची मोकळी ठेवा. काही वर्षांनी कुणीतरी तिथे दुचाकींची शेड टाकणारच, म्हणून नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ती आखून ठेवा. आत फरशीत रूळ, समोरच्या भिंतीच्या पायात ओढण्याचे हुक, जॅक लावायच्या जागी जाड काँक्रीट. दरवाजा छोटा पडत असेल तर भिंतीचा तेवढा भाग बोल्टवर काढता येईल असा करा आणि वर तुळई आधीच टाकून ठेवा. पुढे ब्रेकर लावून भिंत फोडावी लागली, तर शेजारच्या खोलीतली चालू पॅनेलं धुळीने भरतात आणि मार्ग बंद ठेवायची वेळ येते.

तेलाचा ट्रान्सफॉर्मर असेल तर आगीचा विचार याच टप्प्यावर हवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम मुळातून वाचा, सल्लागाराच्या सारांशावर भागवू नका. २,००० लिटरपेक्षा जास्त तेल असलेल्या दोन उपकरणांमध्ये पुरेसं अंतर मिळत नसेल तर ४ तास आग सोसणारी भिंत लागते. तेल ९,००० लिटरच्या पुढे गेलं की गळलेलं तेल सुरक्षित वाहून नेण्याचीही सोय लागते. अरुंद प्लॉटवर या दोन गोष्टी तुमचा आराखडा ठरवतात. भिंत ट्रान्सफॉर्मरच्या माथ्यावरच्या तेलाच्या टाकीहून उंच घ्या. खालचा खड्डा सगळं तेल आणि विझवायला मारलेलं पाणी दोन्ही धरेल एवढा ठेवा, आणि त्यातलं पाणी तेलापासून वेगळं झाल्याशिवाय गटारात जाता कामा नये. आपल्याकडे हे खड्डे पावसाने भरून जातात आणि ऐन वेळी तेलाला जागाच उरत नाही, म्हणून पंप आणि पातळी दाखवणारी खूण पहिल्या नकाशातच दाखवा. शेजारी इतक्या जवळ असतील तर खनिज तेलाऐवजी नैसर्गिक एस्टरचा (वनस्पती तेलापासूनच्या द्रवाचा) आग्रह धरा. त्याचा पेट घेण्याचा बिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या वर असतो. ट्रान्सफॉर्मर महाग पडतो, पण या शेजारात तो खर्च योग्य आहे. स्थानकाच्या आत किंवा जमिनीखाली मात्र तेल नकोच, तिथे कोरडाच ट्रान्सफॉर्मर.

स्विचगिअरच्या (वीज जोडण्या-तोडण्याच्या पॅनेलांच्या) खोलीखाली केबलचं तळघर लागतं, आणि नवखे लोक हमखास त्याची उंची कमी धरतात. ३३ केव्हीची केबल तिच्या व्यासाच्या साधारण १५ पट त्रिज्येत वळते, ११० आणि १३२ केव्हीची त्याहून सावकाश. ही वळणं तळघरातच बसवावी लागतात, आणि तिथे माणसाला ताठ उभं राहून काम करता आलं पाहिजे. मी सव्वादोन मीटरच्या खाली येत नाही. एकाच फेजची एकेरी केबल भिंतीतून नेताना तिच्याभोवती सळईचं किंवा लोखंडी चौकटीचं बंद कडं होऊ देऊ नका. चुंबकीय प्रवाहाने ते कडं तापतं आणि काँक्रीट तडकतं. सळईच्या नकाशावर हे छेद तुम्ही स्वतः तपासा. आणि प्रत्येक छेद काम संपल्यावर आगरोधक साहित्याने बंद होतो की नाही, तेही. तळघरातली आग वर पोचते ती याच भोकांतून.

आता पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. कोकणपट्टीत काम करणाऱ्याने तो आकडा मनात ठेवूनच जोत्याची पातळी ठरवावी. रस्त्याची पातळी आज आहे ती उद्या राहत नाही, दर डांबरीकरणाला ती चढत जाते. म्हणून जोतं रस्त्यावरून मोजू नका, परिसरातल्या पुराच्या नोंदीवरून मोजा. स्विचगिअर आणि कंट्रोलची खोली पहिल्या मजल्यावर नेता येत असेल तर न्या. तळमजल्याला केबल, वर पॅनेलं, अशी रचना अरुंद प्लॉटवर छान बसते आणि तळघर खणण्याची कटकटही टळते. एक नियम मात्र कधीही मोडू नका: स्विचगिअरच्या डोक्यावर संडास, मोरी, पाण्याची टाकी किंवा नळ नको. आर्किटेक्टच्या नकाशात कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह नेमकं तिथेच येऊन बसतं, कारण खालचा शाफ्ट तिथे सोयीचा पडतो.

हवेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे खोलीगणिक नियम उलटतात. गॅसबंद स्विचगिअर उघड्या यार्डाच्या मानाने फार थोड्या जागेत मावतं, म्हणूनच शहरात ते वापरतात. त्यात बहुतेक वेळा सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असतो. तो हवेपेक्षा सुमारे पाचपट जड, रंगहीन आणि वासहीन. गळला तर जमिनीलगत साचतो, जिन्याने तळघरात उतरतो आणि प्राणवायू हटवतो. त्यामुळे त्या खोलीचा आणि खालच्या तळघराचा पंखा फरशीलगत हवा, आणि पंख्याचं बटण दाराच्या बाहेर. बॅटरीच्या खोलीत नेमकं उलट. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका, छताला चिकटतो, म्हणून झरोका छताच्या अगदी टोकाला हवा आणि तुळईच्या खोबणीत वायू अडकणार नाही असं छत हवं. पीओपीचं खोटं छत दोन्हीकडे नको. पर्यावरणाच्या दृष्टीने या जड वायूचा उष्णता धरण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २० हजार पटींहून अधिक आहे. युरोपीय संघाने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये त्यावर २०२६ पासून बंदी आणली आहे. आपल्याकडेही पर्यायी वायूंची उपकरणं येतील आणि त्यातली काही आकाराने मोठी असतील, म्हणून पॅनेलच्या रांगेच्या एका टोकाला मोकळी जागा सोडाच.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे, पण आकडा मागून घ्या. अडीच मेगावॉटच्या संचात दोन टक्के नुकसान धरलं तरी ५० किलोवॉट उष्णता सतत खोलीत पडते. हवा खालून आत, वरून बाहेर. झडपा नैऋत्येला ठेवल्या तर पावसाळ्यात झोडपणारं पाणी आत येणार, म्हणून त्या बाजूला दुहेरी पट्ट्यांच्या झडपा किंवा कोरी भिंत. धुळीसाठी गाळण्या लावल्या तर त्या बदलायला शिडी कुठे टेकणार तेही दाखवा. नाही तर पहिल्या वर्षानंतर त्यांना कुणी हात लावत नाही आणि पंखा नुसता गरगरतो.

शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा आवाजाची येते, आणि ती खरी असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा गाभा १०० हर्ट्झला गुणगुणतो. मंद, पण रात्रभर न थांबणारा आवाज. या स्वराची लांबी साधारण साडेतीन मीटर आहे. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमधलं अंतर १.७ मीटरच्या पटीत पडलं, म्हणजे ३.४, ५.१, ६.८ मीटर, की आवाज तिथे घुमून वाढतो. हे अंतर टाळणं फुकट आहे, फक्त आराखडा काढताना लक्षात हवं. पातळ ध्वनिरोधक पत्रे या खालच्या स्वराला फारसे अडवत नाहीत. अडवते ती जड भिंत. त्याहूनही महत्त्वाचा कंप. ट्रान्सफॉर्मरचा पाया इमारतीच्या स्लॅबपासून तोडा, खाली रबराचे पॅड द्या, आणि त्याला जोडणारा बसबार (प्रवाह नेणारी जाड धातूची पट्टी) व केबल ट्रे लवचिक जोडाने जोडा. एक कडक पाइप राहिला तरी कंप त्यातून भिंतीत शिरतो आणि पलीकडच्या घरात ऐकू येतो. ट्रान्सफॉर्मरचे गाळे रस्त्याच्या बाजूला उघडा, शेजारच्या शयनगृहांच्या बाजूला नको.

डीसी सबस्टेशनात एक गोष्ट अशी आहे जी वास्तुविशारदाला सहसा कुणी सांगत नाही. ७५० व्होल्टची पॅनेलं जमिनीपासून विद्युतदृष्ट्या अलग उभी करतात. पॅनेलच्या सांगाड्याला दोष झाला तर प्रवाह एकाच ठरावीक वाटेने जमिनीत जावा आणि रिलेने (दोष हेरून वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणाने) तो ओळखावा, यासाठी हे असतं. म्हणून त्या पॅनेलांखाली निरोधक थर आणि अलग केलेले बोल्ट लागतात. फरशीवाल्याने टाइलच्या कडेला पितळी पट्टी टाकली, रंगाऱ्याने लोखंडी शिडी पॅनेलला टेकवली, कुणी पॅनेलमागून भिंतीला लोखंडी कंस मारला, की ती व्यवस्था मोडते आणि रिले विनाकारण मार्ग बंद करतो. फिनिशिंगच्या तक्त्यात या खोलीची वेगळी ओळ लिहा आणि ठेकेदाराच्या माणसांना तिथे उभं करून समजावून सांगा. वातानुकूलनवाल्याला आणि अग्निशमनवाल्यालाही.

अर्थिंगची जाळी पायाच्या आधी पडते. प्लॉट लहान असला की ती राफ्टच्या (पायाच्या सलग काँक्रीटच्या) खाली जाते, मग तिला पुन्हा हात लावता येत नाही. उघड्या यार्डात वर १०० ते १५० मिलिमीटर खडीचा थर असतो तो पायाखालचा रोध वाढवायला. दोष झाला त्या क्षणी तिथे उभ्या माणसाचा जीव वाचतो तो या खडीमुळे. तिच्या जागी हिरवळ किंवा पेव्हर सुचवू नका. रस्त्याकडेचं कुंपणही लोखंडी जाळीचं नको, विटांचं किंवा काँक्रीटचं घ्या. पादचारी हात टेकवतात ती गोष्ट अर्थिंगच्या जाळीच्या व्होल्टेजला जोडलेली असता कामा नये.

दारं बाहेर उघडणारी, लांब खोलीला दोन्ही टोकांना, ढकलताच उघडणारा दांडा, हे तुम्हाला माहीत असेल. स्विचगिअरमध्ये आर्क (हवेतून उडणारी प्रचंड ठिणगी) झाला तर दाब ज्या झडपेतून बाहेर फुटतो तिचं तोंड पदपथाकडे नको, एवढं जोडतो.

आता शोभेचं. या प्रश्नावर शंभरेक वर्षांपासून चांगले लोक राबले आहेत. न्यूयॉर्कचा सबवे १९०४ मध्ये सुरू झाला, तेव्हाची सबस्टेशनं पॉल सी. हंटर या वास्तुविशारदाने निवासी रस्त्यांच्या रांगेत बसवली. साधारण ५० फूट रुंद प्लॉट, दगड-विटांचं दर्शनी काम, उंच खिडक्या. त्या खिडक्या आतल्या फिरत्या कन्व्हर्टरांना उजेड आणि हवा देत. ११,००० व्होल्ट एसी आत येई आणि ६२५ व्होल्ट डीसी बाहेर पडे. शेवटचे फिरते कन्व्हर्टर १९९९ मध्ये बंद झाले. उंच, मोकळा हॉल होता म्हणून त्याच भिंतींच्या आत नवे सिलिकॉन रेक्टिफायर बसू शकले. बर्लिनमध्ये एस-बान या उपनगरी रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी रिचर्ड ब्राडेमान यांनी १९२० च्या दशकात रेक्टिफायरच्या इमारती विटांत बांधल्या. नक्षी नाही, पण विटेचा थर, खिडकीची पट्टी, कोपरा, सगळं मनापासून जुळवलेलं. लंडनच्या एलिफंट अँड कॅसलला रॉडनी गॉर्डन यांनी १९६१ मध्ये मायकेल फॅरडेंच्या स्मरणार्थ स्टेनलेस स्टीलचा चौकोनी ठोकळा उभारला आणि त्याच्या पोटात अंडरग्राउंड रेल्वेचं सबस्टेशन ठेवलं. आतली यंत्रं दिसावीत म्हणून त्यांना काच हवी होती. नासधुशीच्या भीतीने स्टील आलं. पुढे १९९६ मध्ये त्याला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला.

मला या तिघांत न्यूयॉर्कची वाट सर्वांत जवळची वाटते. इमारत काय आहे ते ती लपवत नाही आणि गल्लीच्या रांगेला धक्काही देत नाही. खोट्या खिडक्या रंगवून घराचं सोंग आणू नका. तुमच्याकडे खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत: हवेच्या झडपा, मोठं दार, आगीची जाड भिंत, मजल्यांची असमान उंची. झडपांच्या पट्ट्यांचं प्रमाण शेजारच्या इमारतींच्या गॅलऱ्यांशी जुळवा. मोठ्या दाराला चांगली चौकट द्या, कारण रस्त्यावरून तेच दिसतं. बाहेरचं साहित्य धुता येईल असं घ्या. वीट किंवा बेसॉल्ट आपल्या पावसात रंगापेक्षा कितीतरी बरे. वेली चढवू नका. त्या झडपा बुजवतात, आणि पाली व उंदरांना वाट करून देतात. स्विचगिअरमध्ये शिरलेली एक पाल मार्ग बंद पाडायला पुरते. पदपथाला मात्र काहीतरी द्या: अर्धा मीटर मागे सरकलेली भिंत, बसायला कट्टा, रात्री नीट उजेड. लांबलचक मुकी भिंत आणि काळोखी कड रस्त्यावरच्या बायकांना नकोशी होते, आणि ती टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

शेवटी, सोसायट्यांची माणसं चुंबकीय क्षेत्राबद्दल विचारतील. त्यांना उडवून लावू नका. ५० हर्ट्झच्या क्षेत्रासाठी सर्वसामान्य माणसांची आंतरराष्ट्रीय संदर्भ-मर्यादा, आयसीएनआयआरपी या प्रारणांपासूनच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, २०० मायक्रोटेस्ला आहे, आणि अंतराबरोबर क्षेत्र झपाट्याने उतरतं. म्हणून जास्त प्रवाहाचे बसबार आणि केबलचे उभे शाफ्ट सामाईक हद्दीच्या भिंतीला टेकवू नका. तिथे जिना, भांडार, कर्मचाऱ्यांची खोली अशा जागा ठेवा. तिन्ही फेजच्या केबल एकमेकींना चिकटून त्रिकोणात नेल्या तर त्यांची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना खोडून काढतात, आणि हे सल्लागाराकडून नकाशावर लिहून घ्या. बांधकामाआधी, आणि मार्ग पूर्ण भाराने चालू झाल्यावर, शेजारच्या घरांत क्षेत्र आणि आवाज दोन्ही मोजून ते आकडे मराठीत सोसायट्यांना देण्याची तरतूद निविदेतच करा. निविदा निघून गेली की त्यासाठी पैसे मिळत नाहीत.